थंडीत पिकअप सेल्फ घेईना? नवी बॅटरी घेण्याआधी एवढं बघा

निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा सहा-सात अंशांपर्यंत, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली उतरतो. नेमक्या याच दिवसांत लाल कांद्याच्या खेपा जोरात असतात, पाठोपाठ रांगडा कांदा आणि द्राक्षं. रात्री माल भरून ठेवलेला, पहाटे चावी फिरवली की नुसतं ‘कट्‌ कट्‌’ आणि डॅशबोर्डचे दिवे मलूल.

दोष थंडीला देतात, पण बॅटरी खंगते ती एप्रिल-मेच्या उन्हात. बोनेटखालच्या उष्णतेनं पाणी उडतं, आतल्या प्लेटा झिजतात. गारठ्यात बॅटरीची ताकद आणखी घटते, इंजिन ऑइल घट्ट होतं आणि डिझेल इंजिन फिरवायला सेल्फला जोर जास्त लागतो. उन्हाळ्यातलं दुखणं मग पौषात बाहेर पडतं.

तरीही लगेच दुकान गाठू नका. दोन वर्षांपूर्वी मी तीच चूक केली. गाडी दोनदा बंद पडली म्हणून साडेसात हजार मोजून नवी बॅटरी बसवली, आणि नवव्या दिवशी तीही बसली. बघितलं तर डायनामोचा पट्टा ढिला! चार्जिंगच होत नव्हतं. पट्टा ताणायला मेकॅनिकनं शंभर रुपये घेतले. जुनी बॅटरी तोवर भंगारात गेली होती.

म्हणून आधी मोजा. पाण्याच्या मोटारीसाठी बऱ्याच घरांत व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर असतोच. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी बॅटरीवर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे रिकामी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकड्यावर नजर ठेवा. भरलेली बॅटरी असूनही आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर तिच्यात दम उरलेला नाही. गाडी चालू झाल्यावर साधारण 13.8 ते 14.4 दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर पैसे बॅटरीवर नाही, डायनामोवर खर्च करायचे आहेत.

टर्मिनलही बघा. पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, फेस थांबेपर्यंत. कोरडं पुसून क्लॅम्प घट्ट करा, वरून व्हॅसलीन. सोडताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. विडी-काडी लांब ठेवा, चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. झाकणाची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं क्षाराचं पाणी नको, आणि ॲसिड तर नकोच. आणि एक, पोरांनी हौद्याला लावलेल्या लाइटच्या माळा व तो साउंड रात्रभर काय खातो, तेही तपासा.

बॅटरी खरंच गेली असेल, तर खर्चाचा हिशेब असा. पिकअपला लागणारी 75-80 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) बॅटरी कंपनी आणि वॉरंटीप्रमाणे साधारण साडेसहा ते नऊ हजारांत मिळते. आपल्या गाडीचा आकडा जुन्या बॅटरीच्या लेबलवरून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या बॅटरीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, तेव्हा बिलात 18 च लागलाय ना, ते वाचा. जुनी बॅटरी परत दिली की दुकानदार किंमत कमी करतो. दर विचारताना ‘जुनी देऊन किती, न देता किती’ असे दोन्ही आकडे विचारा. जुन्या बॅटरीत शिसं असतं, ती फुकट सोडायची वस्तू नाही.

हजार-दीड हजार वाचवायला कारची 45 एएचची बॅटरी बसवणारे भेटतात. डिझेलच्या सेल्फपुढे ती लवकर हात टेकते. ‘रिपेअर केलेली’ तीन हजारांत मिळते; बांधावर फिरणाऱ्या गाडीला चालेल, बाजाराच्या गाडीला मी घालणार नाही. साडेसात हजारांची बॅटरी 40 महिने टिकली तर महिन्याला दोनशेही पडत नाहीत. उलट 15 क्विंटल कांदा एका दिवसानं मागे राहिला आणि भाव क्विंटलला दोनशेनं उतरला, तर तीन हजार एका सकाळीच गेले.

घेताना बनावटीचा महिना बघा. दुकानात सहा महिने पडून राहिलेली नको. 24 महिने पूर्ण आणि पुढचे 24 सवलतीत, अशी वॉरंटी असेल तर बदलून मिळण्याची मुदत पहिल्या 24 चीच धरा. मालवाहू गाडीला वॉरंटी कमी असू शकते, तेही विचारा. पॉझिटिव्ह डावीकडे की उजवीकडे, हे जुन्या बॅटरीशी ताडून घ्या, नाहीतर केबल पुरत नाही.

तोवर पहाटे अडलात, तर ट्रॅक्टरच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवरून जंप केबल लावा. लाल वायर पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, काळीचं एक टोक ट्रॅक्टरच्या निगेटिव्हला आणि दुसरं पिकअपच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. मोठ्या ट्रकच्या 24 व्होल्टला अजिबात जोडू नका, गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळेल. कॉमन रेल, म्हणजे विजेवरच्या इंजेक्टरनं डिझेल सोडणाऱ्या इंजिनला धक्का मारूनही उपयोग नाही, बॅटरी पार बसली असेल तर इंजेक्टरलाच वीज मिळत नाही.