बिनबॅटरीचा क्रिस्टल रेडिओ: खरी करामत टॅपची

या रेडिओला बॅटरी नाही. एरियलवर जेवढी शक्ती येते, तेवढ्यावरच कानात आवाज उमटतो. ती वाटेत वाया जाऊ नये, या एकाच हिशोबाने प्रत्येक भाग निवडायचा.

कॉइलसाठी 75 मिमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घ्या. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे 24 गेजची इनॅमल तार वजनावर मिळते. 50 ग्रॅम भरपूर झाली. वेढे 50, एकाला एक चिकटून. अर्थकडच्या टोकापासून 10, 15 आणि 25 व्या वेढ्याला टॅप काढा: तार न तोडता बोटभर पीळ द्यायचा आणि पुढे गुंडाळत राहायचं. मग पिळाच्या टोकावरचं इनॅमल ब्लेडने खरवडा, लालसर चमकदार तांबं दिसेपर्यंत. पिळाच्या खाचेत इनॅमल राहिलं तर वरून सोल्डर छान बसलेलं दिसतं, पण आत जोड लागलेला नसतो. मल्टिमीटर लावून खात्री करा.

ही कॉइल साधारण 220 मायक्रोहेन्री भरते. तिच्या दोन टोकांना जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला 500 पिकोफॅरडचा गँग (ट्यूनिंगसाठी फिरवायचा कंडेन्सर) जोडा, बॉडी अर्थकडे. आकाशवाणीच्या पुणे केंद्राची 792 किलोहर्ट्झची जागा त्यात आरामात येते. ट्रान्झिस्टर रेडिओतला छोटा पीव्हीसी गँग असेल तर त्याचे दोन्ही भाग समांतर जोडून वेढे 70 करा.

डिटेक्टर, म्हणजे रेडिओलहरीतून आवाज वेगळा काढणारा भाग, म्हणून जर्मेनियम डायोड हवा: ओए79 किंवा 1एन34ए. जगदीशचंद्र बोस यांच्या गॅलेना (शिशाचं स्फटिकी खनिज) डिटेक्टरला 1904 मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं. हा डायोड त्याच कुळातला. मल्टिमीटरवर 0.2 ते 0.35 व्होल्ट दिसायला हवेत. 0.6 च्या आसपास आलं तर तो सिलिकॉन आहे, दूरचं स्टेशन त्यावर ऐकूच येणार नाही. सोल्डर करताना डायोडचा पाय चिमट्यात धरा. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही.

मोबाइलचा 32 ओहमचा इअरफोन थेट लावू नका, तो सगळा सिग्नल दाबून टाकतो. क्रिस्टल इअरफोन डायोड आणि अर्थ यांच्यामध्ये लावा, आणि त्याला समांतर 47 किलोओहमचा रेझिस्टर हवाच. हा इअरफोन कंडेन्सरसारखा वागतो. रेझिस्टर नसेल तर त्यात विद्युतभार साठून डायोड बंद पडतो आणि आवाज विरत जातो.

आता टॅप. सुरुवातीला एरियल 10 वर आणि डायोड 25 वर जोडा. डायोड कॉइलच्या वरच्या टोकाला लावला तर दोन स्टेशनं एकमेकांत मिसळतात. अर्ध्यावर आणला की कॉइलवरचा भार चौथ्या हिश्श्यावर येतो आणि ट्यूनिंग धारदार होतं. तरीही मिसळत असतील तर डायोड 15 वर आणा. आवाज थोडा उतरेल, पण शब्द सुटे ऐकू येतील. आमच्या मते हा सौदा नेहमीच परवडतो.

एरियलला 20 ते 30 मीटर तार लागते, शक्य तितकी उंच आणि विजेच्या तारांपासून पूर्ण लांब. अर्थसाठी ओल्या जमिनीत दीड मीटर जीआय पाइप ठोका. इमारतीतला नळ पीव्हीसीचा असेल तर निरुपयोगी, आणि प्लगच्या तिसऱ्या पिनला तर हातही लावायचा नाही. एरियलवर घराबाहेरच नाइफ स्विच (उघड्या पात्याचा स्विच) बसवा. वळवाची चिन्हं दिसली की, पहिला गडगडाट होण्याआधीच, एरियल थेट अर्थला जोडून ठेवा.