ओपनस्ट्रीटमॅपची प्रत आपल्या संगणकावर ठेवता? मग या चुका टाळा

भाकरी शिळी झाली की हाताला कळते. नकाशाचा डेटा शिळा झाला तर काहीच कळत नाही. रस्ते तसेच पिवळे, तापी तशीच निळी. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मी ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या, अशा प्रती बसवून दिल्या आहेत, बिघडलेल्या दुरुस्तही केल्या आहेत, आणि चुका त्याच त्याच सापडतात. पहिल्या दिवशी रात्रभर जागून इम्पोर्ट करणारी, म्हणजे नकाशाची फाइल डेटाबेसमध्ये भरणारी माणसं पुढं सहा महिने तिकडं फिरकत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फाइलच्या नावात 'लेटेस्ट' आहे म्हणून ती ताजी समजणं

ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा देशवार कापून देणाऱ्या जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून भारताची फाइल उतरवली की तिच्या नावात 'लेटेस्ट' असतं. ते खरं असतं फक्त उतरवण्याच्या दिवशी. फाइलची तारीख संगणकावर बघू नका, कारण ती कॉपी करतानाही बदलते. ऑस्मियम या नकाशाच्या फाइली हाताळणाऱ्या साधनाच्या 'फाइलइन्फो' आज्ञेला विचारा. फाइलच्या मथळ्यातच डेटा कोणत्या क्षणापर्यंतचा आहे आणि बदलांच्या मालिकेतला कितवा क्रमांक लागला आहे, हे लिहिलेलं असतं. तिथली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे.

हे मी इतकं ठासून का सांगतो? सातपुड्यात आरोग्याचं काम करणारा एक गट अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांचे कागदी नकाशे स्वतःच्या प्रतीवरून छापत होता. उन्हाळ्यात त्यांच्या पोरापोरींनी उपग्रहचित्र बघून आणि पायी फिरून पाडे, पायवाटा, हातपंप ओपनस्ट्रीटमॅपवर चढवले. जूनमध्ये नवे नकाशे छापले, तर त्यात त्यांचं काहीच नाही. पोरं हिरमुसली. "आमचं काम कुणीतरी पुसलं" असं त्यांना वाटलं. मी गेलो, डेटाची तारीख काढली. फेब्रुवारीतली निघाली. म्हणजे चार महिने अपडेट झालंच नव्हतं, आणि कुणाला पत्ताही नव्हता.

कारण शोधायला दुपार गेली. ज्या मुलानं प्रत बसवली, त्यानं संपूर्ण जगाच्या इम्पोर्टसाठी लिहिलेली कृती जशीच्या तशी उतरवली होती. त्यात ओएसएम-टू-पीजीएसक्यूएल या डेटाबेसमध्ये नकाशा भरणाऱ्या साधनाचा 'फ्लॅट नोड्स' हा पर्याय होता, तो नोडची, म्हणजे नकाशावरच्या बिंदूंची ठिकाणं एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. त्या फाइलमध्ये प्रत्येक नोडची जागा त्याच्या क्रमांकावरून ठरते, एका क्रमांकाला ८ बाइट. नोडचे क्रमांक १२ अब्जांच्या पुढं गेले आहेत. म्हणजे तुम्ही जग घ्या की फक्त धडगाव, फाइल शंभर जीबीच्या आसपासच जाते. छोट्या प्रदेशाला तिची गरजच नसते. इथं तिनं डिस्क जवळजवळ भरून टाकली होती. उरलेली जागा डेटाबेसनं हळूहळू खाल्ली, आणि एका रात्री अपडेट जागेअभावी थांबलं. त्यानंतर रोज थांबत राहिलं. क्रॉनचा, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीचा, सगळा आउटपुट 'डेव्ह नल'मध्ये, म्हणजे कचऱ्यात जात होता, "उगाच मेल येतात म्हणून".

मेल येतात ते वाचण्यासाठी. माझ्याकडं पहाटेच्या क्रॉननंतर एका ओळीचा संदेश फोनवर येतो: डेटा कोणत्या तारखेचा, डिस्कवर जागा किती. ज्या दिवशी संदेश येत नाही, त्या दिवशी चहाच्या आधी मी मशीन बघतो. आणि प्रत्येक छापील नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख असतो, परवान्यानुसार तो लागतोच. त्याच्याच शेजारी मी डेटाची तारीख टाकतो.

वेगासाठी 'एफसिंक' बंद करून विसरणं

ही चूक माझी आहे आणि ती मला फार महागात पडली.

इम्पोर्ट लवकर व्हावा म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसचं 'एफसिंक' बंद करा, असा सल्ला सगळीकडं मिळतो. लिहिलेला डेटा खरोखर डिस्कवर पोचला की नाही याची खात्री पोस्टग्रेस या सेटिंगमुळं करून घेतो. ते बंद असताना वीज गेली, तर डेटाबेस दुरुस्तीपलीकडं बिघडू शकतो. इम्पोर्ट चालू असेपर्यंत हे चालतं, कारण बिघडलं तर पुन्हा करता येतो. मी इम्पोर्ट केला आणि ते परत चालू करायचं राहिलं.

मे महिन्यातलं भुसावळ. दिवसभर लाही, संध्याकाळी वावटळ आणि वळवाचा पाऊस, आणि आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर उडाला. यूपीएसनं दहा मिनिटं साथ दिली. रात्री वीज आली तेव्हा पोस्टग्रेस सुरूच होईना. दुसऱ्या दिवशी कसाबसा उठवला, तर टेबलं अर्धवट आणि इंडेक्स फाटलेले. नकाशाचा डेटा गेला त्याचं काही नाही, तो पुन्हा उतरवला. पण त्याच सर्व्हरवर दुसऱ्या डेटाबेसमध्ये चोपडा तालुक्यातल्या हातपंपांची आमची पाहणी होती, सहा आठवड्यांच्या पायपिटीची. 'एफसिंक' हे सेटिंग अख्ख्या सर्व्हरचं असतं, एका डेटाबेसपुरतं नाही. तीही गेली. निम्मी कागदी फॉर्मवरून पुन्हा भरली. उरलेल्यासाठी गावांत पुन्हा फिरावं लागलं.

तेव्हापासून माझा नियम असा. स्वतःची पाहणी नकाशाच्या सर्व्हरवर ठेवायचीच नाही, आणि तिची रोज वेगळी प्रत काढायची. वेग हवाच असेल, तर 'एफसिंक' राहू द्या आणि 'सिंक्रोनस कमिट' हे दुसरं सेटिंग बंद करा. वीज गेली तर शेवटचे काही व्यवहार जातील, पण डेटाबेस सुसंगत राहील. ही दोन सेटिंगं एकच समजून दोन्ही बंद करणारे मला दर महिन्याला भेटतात. तीन तास वाचवायची घाई असेल, तर ते काम रात्री लावा आणि झोपा.

खान्देशाच्या सीमेवरच कात्री चालवणं

जिओफॅब्रिक भारताचे विभाग पाडून देतं. महाराष्ट्र आणि गुजरात पश्चिम विभागात येतात, मध्य प्रदेश मध्य विभागात. पश्चिम विभागच घेतला, तर रावेरच्या पलीकडं लगेच नकाशा संपतो आणि बऱ्हाणपूर नाहीसं होतं. रावेरच्या केळीवाल्याला बऱ्हाणपूर नसलेला नकाशा काय कामाचा? जिल्ह्याच्या रेषेवर कापलात तर नवापूरला आणखी गंमत: ते रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे.

मी भारताची पूर्ण फाइल ठेवतो, ती पायऑस्मियम या साधनाच्या 'अप-टू-डेट'नं ताजी करतो आणि मग ऑस्मियमच्या 'एक्स्ट्रॅक्ट'नं खान्देश कापतो. कात्री सीमेच्या बाहेर तीसेक किलोमीटर. पद्धत 'स्मार्ट', म्हणजे तापीसारखी अनेक रेषा जोडून बनलेली मोठी रूपं अर्धी तुटत नाहीत. 'सिंपल' लावली की नदीकाठ गळतो. मग लोक विचारतात, पाणी कुठं गेलं?

कापलेल्या छोट्या तुकड्यावर जगाचे किंवा भारताचे बदल चढवू नका. बदलांत बाहेरच्या वस्तूही येतात आणि डेटाबेस फुगत जातो. उलट कधी रस्ता येतो, पण त्याचे न बदललेले बाहेरचे नोड तुमच्याकडं नसतात. तीन जिल्ह्यांचा इम्पोर्ट साध्या मशीनवरही काही मिनिटांत होतो. दर वेळी नवा कापून नवा भरणं मला जास्त भरवशाचं वाटतं. संपूर्ण भारत डेटाबेसमध्ये ठेवणाऱ्यांनी मात्र ओएसएम-टू-पीजीएसक्यूएलची 'रेप्लिकेशन', म्हणजे नवे बदल आणून चढवणारी सोय वापरावी.

थोडक्यात उरलेलं

मधला डेटा साठवणाऱ्या 'स्लिम' पर्यायाशिवाय किंवा तो साठा शेवटी पुसणारा 'ड्रॉप' लावून इम्पोर्ट केलात, तर पुढं बदल चढवता येत नाहीत. हे आधी ठरवा.

डेटाबेसमध्ये काय भरायचं हे ठरवणारी स्टाइलची फाइल बदलली की जुन्या ओळी आपोआप बदलत नाहीत, पुन्हा इम्पोर्टच करावा लागतो.

दोन क्रॉन एकावर एक धावू देऊ नका, 'एफलॉक' हे कुलूप लावा.

पायऑस्मियम एका फेरीत ठराविक आकारापर्यंतच बदल उतरवतं. फार मागं पडला असाल तर ते पुन्हा पुन्हा चालवा.

दर मिनिटाचे बदल घेऊ नका. शहाद्यातल्या पायवाटेला दिवसातून एकदा पुरतं, आणि ओपनस्ट्रीटमॅपचे सर्व्हर देणग्यांवर चालतात.

डेटा ताजा आणि चित्र जुनं दिसत असेल, तर टाइलचा, म्हणजे नकाशाच्या तयार चित्रतुकड्यांचा साठा कालबाह्य ठरवायचा राहिला आहे.

ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरून हजारो टाइल ओढून ऑफलाइन नकाशा करू नका. त्यांच्या नियमांत ते बसत नाही, आणि तो ताजाही ठेवता येत नाही.

चूक स्वतःच्या प्रतीतच दुरुस्त करणं

धुळ्याहून जळगावला जाणारा महामार्ग कुठं जुन्या ६ क्रमांकानं दिसला, तो आता ५३ आहे, म्हणून थेट टेबलात बदलला. गावाच्या नावाची वेलांटी तिथंच सुधारली. काही दिवस सगळं ठीक दिसतं. मग कुणीतरी मूळ नकाशात त्याच रस्त्याला हात लावतो, अपडेट येतं आणि तुमची दुरुस्ती पुसली जाते. नवा इम्पोर्ट केला तर एकाच वेळी सगळ्या जातात.

मागच्या महिन्यात तोरणमाळच्या खालच्या बाजूला एका आशाताईंनी छापील नकाशावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "भाऊ, इथं दोन पाडे आहेत, तुम्ही एकच दाखवलाय." तिथल्या एका मास्तरांच्या पोरानं तिथंच फोनवरून दुसरा पाडा ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदवला, नाव ताईंनी सांगितलं तसं मराठीत. तिसऱ्या दिवशी पहाटेचा संदेश आला, मी नवा नकाशा छापला आणि एसटीनं धडगावला पाठवला. दोन्ही पाडे होते.