बायबल अभ्यासाच्या सॉफ्टवेअरला सूचना पाठवताय? या चुका टाळा

ॲपमध्ये काहीतरी कमी वाटते, आपण दोन ओळी लिहून पाठवतो आणि पुढे काहीच होत नाही. अभ्यासवर्गात, पाळकांच्या बैठकीत, संडे स्कूलच्या शिक्षकांकडून ही तक्रार नेहमी ऐकू येते. सूचना बहुतेक वेळा चांगलीच असते. पण ती चुकीच्या पत्त्यावर जाते, नाहीतर वाचणाऱ्याला त्यातून नेमके काय करायचे ते उमगत नाही. मराठीच्या बाबतीत अडचण आणखी वाढते, कारण ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांपैकी बहुतेकांना देवनागरी वाचता येत नाही. लोगोस अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात बनते, स्टेप बायबल केंब्रिजच्या टिंडेल हाउसमध्ये, तर अँडबायबल आणि सोर्ड प्रकल्प ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांच्या मेहनतीवर चालतात. मराठीत काय अडते हे आपणच सांगितले नाही तर त्यांना ते कळायला दुसरा मार्ग नाही.

म्हणून लिहायला बसण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: ही अडचण मजकुरातली आहे, ॲपमधली आहे की आपल्या फोनमधली? याचे उत्तर मिळाले की निम्मे काम झाले.

ॲप बनवणाऱ्याकडे भाषांतर मागणे

सर्वांत जास्त येणारी आणि सर्वांत जास्त वाया जाणारी सूचना म्हणजे ‘अमुक भाषांतर टाका’. भाषांतराचा हक्क ॲपवाल्याकडे नसतो, तो प्रकाशकाकडे असतो. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचा मजकूर हवा असेल तर परवानगी सोसायटीनेच द्यायची असते. प्रोग्रामरने कितीही मनावर घेतले तरी तो मजकूर त्याला टाकता येत नाही. सोर्डसारख्या प्रकल्पात तर ॲप वेगळे आणि मजकुराचे मॉड्यूल (ॲपला जोडायची मजकुराची फाइल) वेगळे असते, आणि दोन्हींची माणसेही वेगळी असतात. अशी सूचना ॲपच्या यादीत टाकली की ती ‘आमच्या हातात नाही’ असा शेरा मिळून बंद होते.

मग मागायचे काय? आधी त्या भाषांतराचा परवाना पाहा. ब्रिज कनेक्टिव्हिटी सोल्युशन्सचे इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन मराठीत आहे आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मोकळ्या परवान्यावर मिळते. ते एखाद्या ॲपमध्ये नसेल तर मागणी रास्त आहे, आणि तिच्याबरोबर परवान्याचे नाव लिहिले तर पुढच्याचे काम सोपे होते. जुन्या भाषांतरांची गोष्ट वेगळी. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये केलेले संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये छापून झाले. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, मरणोत्तर प्रकाशनाला ती साठ वर्षे प्रकाशनापासून मोजली, तरी हा मजकूर केव्हाच मोकळा झाला आहे. इथे कायदा आड येत नाही, अक्षरजुळणी आड येते. कोणीतरी पान पान टाइप करून, दुसऱ्या कोणीतरी त्याचे मुद्रितशोधन करून, वचनांच्या खुणांसह द्यावे लागते. ‘रमाबाईंचे बायबल टाका’ यापेक्षा ‘मार्ककृत शुभवर्तमान आम्ही टाइप करून तपासले आहे, कोणत्या साच्यात पाठवू?’ असे विचारणाऱ्या मंडळीला उत्तर नक्की येते. हे काम कोणी हाती घेतले तर मराठी वाचकांवर मोठे उपकार होतील.

वचनांक हलला की लगेच ‘चूक आहे’ म्हणणे

पेन्टेकॉस्टच्या दिवशीचे पेत्राचे भाषण वाचताना आपण संदर्भावर बोट ठेवतो. प्रेषितांची कृत्ये २:१७ वरून योएल २:२८ उघडते. मराठीच्या रकान्यात वचन बरोबर दिसते आणि शेजारच्या हिब्रूच्या रकान्यात काहीच नाही. लगेच सूचना जाते: ‘हिब्रू बायबलमधून वचने गायब आहेत, दुरुस्त करा.’

वचने गायब नाहीत. हिब्रू परंपरेत योएलचा दुसरा अध्याय २७ वचनांवर संपतो. आपण ज्याला २:२८ म्हणतो ते तिथे ३:१ आहे, आणि आपला तिसरा अध्याय तिथे चौथा आहे. मलाखीचे उलटे आहे: आपले चार अध्याय, हिब्रूत तीन. स्तोत्रांत तर पदोपदी फरक पडतो, कारण हिब्रूत वरचे शीर्षकही वचन म्हणून मोजतात. स्तोत्र ५१ आपल्याकडे १९ वचनांचे, हिब्रूत २१ वचनांचे; दाविदाचा आणि नाथान संदेष्ट्याचा उल्लेख असलेले शीर्षकच तिथे पहिली दोन वचने खाते. जुन्या लॅटिन बायबलात आणि रशियन सिनोडल बायबलात स्तोत्रांचे क्रमांकच सरकलेले असतात, त्यामुळे ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे आपले २३ वे स्तोत्र तिथे २२ वे ठरते.

अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकात कँटरबरीचा आर्चबिशप स्टीफन लँग्टनने रूढ केली आणि नव्या कराराला आजचे वचनांक फ्रेंच मुद्रक रोबेर एतिएनने १५५१ मध्ये दिले. म्हणजे अंक हे मूळ लेखनाचा भाग नाहीत, आणि सगळ्या परंपरांनी ते एकसारखे स्वीकारलेही नाहीत. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये एका अंकनातून दुसऱ्यात नेणारे कोष्टक असते. ते नसेल किंवा अर्धवट असेल तेव्हा वरचा घोटाळा होतो.

म्हणून सूचना लिहिताना ‘वचन चुकले’ एवढ्यावर थांबू नका. दोन्ही भाषांतरांची नावे, दोन्हींत प्रत्यक्ष दिसलेले संदर्भ, आणि तुमच्या मते जोडी कोणती, हे तिन्ही द्या. ‘समांतर रकान्यांत योएल २:२८ समोर हिब्रू ३:१ उघडावे’ या एका वाक्यावरून प्रोग्रामरला कळते की बिघाड मजकुरात नाही, अंकनाच्या कोष्टकात आहे. हेच वाक्य त्याला दुरुस्तीनंतर तपासणीलाही उपयोगी पडते.

कॅथलिक वाचकांनी आणखी एक गोष्ट लिहावी. त्यांच्या बायबलात ७३ पुस्तके आहेत, प्रोटेस्टंट बायबलात ६६. वसईतल्या किंवा गोव्यातल्या वाचकाला बारूख किंवा मक्काबी उघडत नसेल तर पुष्कळदा ॲपची यादीच ६६ पुस्तकांची असते. तसे स्पष्ट सांगितले तर ‘पुस्तक सापडत नाही’ ही तक्रार यादी वाढवण्याची मागणी होते, आणि ती योग्य माणसाकडे जाते.

‘सर्च नीट करा’

या तीन शब्दांनी आजवर कोणाचाही शोध सुधारलेला नाही. मराठी शोधात नेमके काय बिघडते हे उलगडून सांगणे हीच मराठी अभ्यासकाची सर्वांत मोलाची मदत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी येशूचे संभाषण आहे. ‘पाणी’ शब्द घालून शोध घेतला तर ‘पाणी’ असलेली वचने येतात, ‘पाण्याचा’, ‘पाण्यात’ असलेली गळतात. इंग्रजीच्या अंदाजाने बनवलेला शोध शब्दाच्या शेवटी काही चिकटले तर सांभाळून घेतो, पण मराठीत विभक्ती लागण्याआधी शब्दच आतून बदलतो. पाणी–पाण्या, माणूस–माणसा, भाऊ–भावा. ‘पाण’ लिहून पुढे तारांकन (*, म्हणजे पुढे काहीही चालेल) दिले तर कसेबसे भागते. ‘भाऊ’चे काय करणार? ‘भा’ आणि तारांकन दिले की भाकर, भाग, भार, भाषा सगळेच येऊन पडते आणि काईन–हाबेल त्यात हरवतात. ही जोडी सूचनेत लिहा. मराठी न जाणणाऱ्या माणसालाही ती पाहताच कळते की शेवट छाटून चालणार नाही, सामान्यरूपांची सोय लागेल.

दुसरा अडथळा लेखनाचा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या मजकुरात ‘देवानें’, ‘नाहीं’, ‘कीं’ असे अनुच्चारित अनुस्वार असतात, आणि ‘प्रीति’ ऱ्हस्व असते. आजचा वाचक ‘देवाने’, ‘प्रीती’ टाइप करतो. दोन्ही एकच शब्द, संगणकाला मात्र वेगळे. शोधताना शेवटचा अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ दुर्लक्षित करण्याचा पर्याय असावा, ही मागणी छोटी आहे आणि तिचा फायदा जुन्या मजकुराच्या प्रत्येक वाचकाला मिळतो.

तिसरा अडथळा तर डोळ्यांना दिसतच नाही. ‘जखऱ्या’ हे पुस्तकाचे नाव घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. काही कळफलक त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साध्या ‘र’ला हलन्त जोडून पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. पण पुस्तकांच्या यादीत एक प्रकार आणि तुमच्या कळफलकावर दुसरा असेल तर ‘जखऱ्या’ टाइप करून जखऱ्या उघडत नाही. युनिकोड म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याची सर्वमान्य पद्धत; तिचे नेहमीचे सामान्यीकरणही (वेगवेगळ्या प्रकारे साठवलेले तेच अक्षर एका रूपात आणणे) हा भेद मिटवत नाही, त्यामुळे प्रोग्रामरला तो मुद्दाम मिटवावा लागतो. ‘ॲ’चेही असेच: एक स्वतंत्र अक्षर, आणि एक ‘अ’वर चंद्र देऊन केलेले. इथे नुसता स्क्रीनशॉट पाठवणे ही घोडचूक, कारण चित्रात दोन्ही सारखेच दिसतात. टाइप केलेला शब्द जसाच्या तसा कॉपी करून सूचनेत चिकटवा आणि कळफलकाचे नाव लिहा.

संदर्भ टाइप करण्याबद्दलही सूचना हवी. ‘योहान ३:१६’ देवनागरी आकड्यांत चालावे आणि इंग्रजी आकड्यांतही. ‘१ करिंथ’ आणि ‘१ करिंथकरांस’ दोन्ही ओळखले जावेत, ‘रोम’ आणि ‘रोमकरांस’ही. आपल्या मंडळीत जी संक्षिप्त नावे चालतात त्यांची पूर्ण यादी, सगळ्या पुस्तकांसाठी, एका तक्त्यात करून पाठवली तर ती थेट प्रोग्राममध्ये भरता येते.

एक सूचना कशी लिहावी याचा नमुना देतो. ‘ॲपची आवृत्ती अमुक, अँड्रॉइड फोन, मराठी भाषांतर अमुक. शोधात “माणूस” टाइप केले. “माणसाला”, “माणसाने” असलेली वचने आली नाहीत. ती यावीत अशी अपेक्षा आहे. मराठीत विभक्तीआधी शब्दाचे रूप बदलते. अशा तीस शब्दांची मूळ रूपे आणि बदललेली रूपे सोबत जोडली आहेत. तपासायला मी तयार आहे.’ एवढे पुरते. इंग्रजीत लिहिता येत असेल तर उत्तम, नसेल तर मंडळीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाकडून करून घ्या, पण मराठी शब्द देवनागरीतच ठेवा.

अडचण न सांगता बटण मागणे

‘वरच्या पट्टीत एक बटण द्या’ ही सूचना वाचून कोणालाही कळत नाही की ते कशासाठी. ‘संदेश चालू असताना पाळक पटापट चार संदर्भ सांगतात, मला मूळ उताऱ्याकडे परत यायला वेळ लागतो’ असे लिहिले तर कदाचित बटणापेक्षा चांगला उपाय निघेल, कदाचित तो ॲपमध्ये आधीच असेल. खेड्यातल्या उपासनेत नेटवर्क नसते, वयस्क वाचकांना मोठे अक्षर लागते, तरुण संघ एकच उतारा दहा फोनवर उघडतो. ही परिस्थिती लिहा, ती कोणा प्रोग्रामरला घरबसल्या सुचणार नाही.

एका पत्रात दहा मागण्या घालू नका. एक सोपी असते, एक अशक्य असते, आणि सोपीही अशक्यबरोबर पडून राहते. आधी कोणी तेच मागितले आहे का हेही शोधून पाहा. असेल तर नवीन न लिहिता त्याच मागणीखाली आपले मराठी उदाहरण जोडा.

डेटा लागतो तिथे फीचर मागणे

‘मराठीत शब्दावर बोट ठेवले की मूळ ग्रीक-हिब्रू शब्द दिसावा’ ही इच्छा प्रत्येक अभ्यासकाची असते. जेम्स स्ट्राँगने १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शब्दसूचीत मूळ शब्दांना क्रमांक दिले, हिब्रूचे ८,६७४ पर्यंत जातात. इंग्रजीत किंग जेम्सच्या मजकुराला हे क्रमांक माणसांनी बसून जोडले, म्हणून तिथे बोट ठेवले की शब्द उघडतो. मराठी मजकुराला ते जोडलेले नसतील तर कोणतेही ॲप ते आपोआप दाखवू शकत नाही. ‘प्रीती’साठी ‘अगापे’, ग्रीक क्रमांक २६, हे एकेका वचनात हाताने बसवायचे काम आहे, आणि त्याला ग्रीक व मराठी दोन्ही जाणणारी माणसे लागतात. सेमिनरीतले विद्यार्थी एखादे छोटे पत्र, समजा फिलेमोनाला, घेऊन सुरुवात करू शकतात. तयार झालेले एक पुस्तक दाखवले की ॲपवाले उरलेल्याची वाट सोपी करून देतात.

येशूचे शब्द लाल अक्षरांत दिसावेत ही मागणीही याच प्रकारची. मजकुरात खुणा नसतील तर ॲपला कळणार कसे?

स्वतःच्या टिपणांबद्दल काहीच न मागणे

ही चूक गप्प राहण्याची आहे. आपण वर्षानुवर्षे वचनांखाली टिपणे लिहितो, रंग देतो, संदेशांचे मुद्दे साठवतो, आणि ते सगळे बाहेर काढता येते का हे कधीच विचारत नाही. बायबलवर्क्ससारखे अभ्यासकांचे आवडते सॉफ्टवेअर २०१८ मध्ये बंद झाले. फोन हरवणे तर त्याहून नेहमीचे. म्हणून प्रत्येक ॲपकडे हे जरूर मागा: टिपणे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढता यावीत, प्रत्येक टिपणाबरोबर पुस्तक, अध्याय, वचन आणि भाषांतराचे नाव यावे, आणि देवनागरी अक्षरे तशीच राहावीत. भाषांतराचे नाव विशेष महत्त्वाचे, कारण स्तोत्र ५१ वरचे टिपण उद्या दुसऱ्या अंकनाच्या बायबलात नेले तर ते दोन वचने सरकून भलतीकडे बसेल.

सूचना पाठवल्यावर उलट प्रश्न येतो, बहुतेकदा काही आठवड्यांनी, आणि तोवर आपण ती विसरलेलो असतो. उत्तर न गेल्यामुळे कितीतरी चांगल्या मागण्या बंद होतात. ज्या पत्त्यावरून सूचना पाठवली तो ईमेल पाहत राहा, आणि चाचणी आवृत्ती वापरून पाहा असे सांगितले तर ती फोनवर घालून आपलीच उदाहरणे पुन्हा चालवा: ‘भाऊ’, ‘पाण्यात’, ‘जखऱ्या’, योएल २:२८. जे चालले तेही कळवा आणि जे अजून अडते तेही.