कामाच्या दौऱ्यात स्कूबा डायव्हिंग: या चुका टाळा

दौऱ्याचं वेळापत्रक हातात येतं. शेवटच्या दिवशी सकाळ मोकळी, विमान रात्रीचं आणि हॉटेलपासून समुद्र अर्ध्या तासावर. डायव्हिंग येणाऱ्या कुणालाही त्या क्षणी एकच गोष्ट सुचते, आणि नेमकी तीच धोक्याची आहे. कामाच्या दौऱ्यांना जोडून मी बरेच डायव्ह केले आहेत. माझ्या आणि बरोबरच्यांच्या हातून झालेल्या चुका आठवल्या तर त्यातल्या बहुतेक पाण्यात झालेल्याच नाहीत. तिकीट काढतानाच त्या होऊन गेल्या होत्या.

शेवटची मोकळी सकाळ डायव्हला देणं

पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणाने, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो. २० मीटरवर आपण जमिनीवरच्या तिप्पट दाबाची हवा श्वासात घेत असतो. त्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो आणि वर आल्यावर तासन्‌तास सावकाश बाहेर पडत राहतो. तो पुरता निघून जायच्या आत विमानात बसलात तर दाब पुन्हा कमी होतो, कारण विमानातली हवा जमिनीसारखी नसते. केबिनमधला दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच असू शकतो. उरलेल्या नायट्रोजनचे मग बुडबुडे होऊ लागतात. यालाच डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डायव्हर्सच्या बोलण्यातलं ‘डॅन’, या संस्थेची शिफारस स्पष्ट आहे. डीकम्प्रेशन थांबा (वर येताना नायट्रोजन निघून जावा म्हणून वाटेत थांबणं) न लागणारा एकच डायव्ह केला असेल तर विमानाआधी किमान १२ तास. एका दिवसात एकाहून जास्त डायव्ह किंवा सलग काही दिवस डायव्ह केले असतील तर किमान १८ तास. थांबे घ्यावे लागले असतील तर १८ तासांहून बरेच जास्त. हे आकडे किमान आहेत आणि ते पाळल्यावरही धोका शून्य होत नाही. म्हणून मी सरसकट २४ तास धरतो.

आता त्या मोकळ्या सकाळीचा हिशेब करा. बोटीवर सहसा दोन डायव्ह असतात. दुसऱ्यातून दुपारी बाराला डोकं पाण्याबाहेर काढलं तर १८ तास पुरे होतात दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला. रात्रीचं विमान या हिशेबात कुठेच बसत नाही. ‘एकच डायव्ह करतो, तोही उथळ’ अशी तडजोड केली तरी १२ तास लागतातच. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजन असलेली हवा, वापरलं म्हणून ही वाट पाहणं कमी होईल, हाही गैरसमज आहे.

रस्त्याने जाणाऱ्यांच्या हे ध्यानातच येत नाही. शरीराला विमान आणि घाट यांतला फरक कळत नाही, त्याला कळतो फक्त कमी झालेला दाब. ही शिफारस साधारण ६०० मीटरपासूनच लागू होते. सकाळी केनियात समुद्रकाठच्या मोम्बासाला डायव्ह करून संध्याकाळी गाडीने नैरोबी गाठायचं म्हटलं, तर १,७०० मीटरहून जास्त उंची चढावी लागते. पुढची बैठक उंचावरच्या शहरात असेल तर विमानाचाच नियम गाडीला लावा.

तारीख आपल्या हातात आहे असं समजणं

सुट्टीवरचा माणूस आणि कामावरचा माणूस यांच्यात हा मोठा फरक आहे. सुट्टीचं तिकीट सहसा जागचं हलत नाही. कामाचं तिकीट मात्र दुसऱ्याच्या एका फोनवर बदलतं.

एकदा मी पुरेसं अंतर ठेवून बेत आखला होता. शनिवारी दोन डायव्ह, परतीचं विमान सोमवारी पहाटे. शनिवारी दुपारी बोटीवरून उतरलो तर फोनवर निरोप : रविवारची बैठक रद्द, आज रात्रीच्या विमानात जागा मिळाली आहे, तिकीट बदललं आहे. ज्याने तिकीट बदललं त्याने माझ्या सोयीसाठीच बदललं होतं. चूक माझी होती. मी डायव्हला जाणार आहे हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ‘कामावर आलाय की मजा करायला’ असं कुणी म्हणेल या संकोचाने मी गप्प राहिलो होतो. त्या दुपारी सगळं सांगावं लागलं आणि तिकीट पुन्हा बदलून घ्यावं लागलं.

तेव्हापासून दौरा ठरला की साहेबांना आणि तिकिटं काढणाऱ्या सहकाऱ्याला मी आधीच लिहून कळवतो : अमुक दिवशी, माझ्या सुट्टीच्या वेळेत मी डायव्हिंग करणार आहे, त्यानंतर अमुक वेळेपर्यंत वैद्यकीय कारणाने मला विमानात बसता येणार नाही. ‘वैद्यकीय कारणाने’ हे शब्द मुद्दाम लिहा, ते खरेही आहेत. आजवर कुणी त्यावर वाद घातलेला नाही. आणि ‘अचानक बोलावलं तर यावंच लागेल’ असा दौऱ्याचा रंग असेल, तर त्या दौऱ्यात टँक पाठीवर घेऊच नका. मास्क आणि स्नॉर्केल लावून पाण्याच्या पृष्ठभागावर पोहा. त्यात दाबाखालची हवा श्वासात जात नाही, त्यामुळे नंतर विमानासाठी थांबावंही लागत नाही.

पोहोचल्या दिवशीच पाण्यात उतरणं

शेवट टाळायचा तर सुरुवातीला डायव्ह करायचा, हे बरोबर आहे. विमानानंतर डायव्ह करण्यात नायट्रोजनचा प्रश्न नसतो. तरीही रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळी थेट बोटीवर चढू नका. झोप झालेली नसते, विमानातल्या कोरड्या हवेने शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं आणि घड्याळ बदललं असेल तर डोकंही जड असतं. पाण्याखाली हवा किती उरली हे पाहायला विसरण्याइतकी झोप डोळ्यांवर असणं मला तरी परवडत नाही.

जमत असेल तर शुक्रवारी पोहोचायचं, रात्रभर झोपायचं, शनिवारी डायव्ह, रविवार कोरडा, सोमवारपासून काम. कामाचे दिवस हेच विमानाआधीचं अंतर होऊन बसतात आणि वेगळी वाट पाहावी लागत नाही. डायव्हच्या आदल्या रात्री यजमानांबरोबर जेवण असेल तर दारूला हात लावू नका आणि लवकर उठा. बोटी बहुधा सकाळी लवकर निघतात.

सर्दी अंगावर काढणं

विमानं, वातानुकूलित सभागृहं, शेकडो लोकांशी हस्तांदोलन : दौऱ्यात पडसं हटकून गाठतं. खोलीवर बसून ‘थोडंसंच नाक बंद आहे’ असं वाटतं. पण प्रमाणाने पाहिलं तर दाब सगळ्यांत झपाट्याने बदलतो तो वरच्या १० मीटरमध्येच, तिथे तो जमिनीच्या दुप्पट होतो. नाक आणि कान यांच्यामधली नळी सुजलेली असेल तर कानात हवा शिरत नाही, दडा बसतो, मग कळ येते आणि जोर लावत राहिलात तर पडदा फाटू शकतो.

नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरणं हा यावरचा उपाय नाही. गोळीचा असर पाण्याखाली असतानाच ओसरला तर आत कोंडलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही. खाली जाताना दुखलं तर वर येता येतं. वर येताना दुखायला लागलं आणि टँकमधली हवा संपत आली असेल तर निवडायला फारसं काही उरत नाही.

तब्येत ठणठणीत असूनही कान मोकळे होत नसतील तर :

- खाली जायला लागल्यापासूनच, दुखायच्या आधी, दर मीटरला नाक दाबून हलकेच हवा भरा किंवा आवंढा गिळा.
- नांगराच्या दोराला धरून, पाय खाली ठेवून उतरा. डोकं खाली केलं की कान जास्त अडतात.
- अडलं तर मीटर-दीड मीटर वर या आणि पुन्हा प्रयत्न करा. तरीही जमलं नाही तर डायव्ह तिथेच संपला. बरोबरच्याला हाताने खूण करा आणि वर या.

दुखऱ्या कानाची किंमत फक्त पाण्यात मोजावी लागत नाही. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत एका कानाने ऐकावं लागतं आणि परतीच्या विमानात तीच कळ पुन्हा उठते. वर आल्यावर ऐकू कमी येत असेल, चक्कर येत असेल किंवा कानातून रक्त येत असेल तर विमानात बसण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

कागद आणि विमा गृहीत धरणं

डायव्ह सेंटरवर गेल्यावर आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते. दमा, हृदयविकार, मागची शस्त्रक्रिया अशा काही प्रश्नांना ‘हो’ उत्तर असेल तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती परक्या शहरात सकाळी सात वाजता मिळत नाही. निघण्याआधीच प्रश्नावली मागवून घ्या. खोटं ‘नाही’ लिहून पाण्यात उतरणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

कंपनीचा प्रवास विमा डायव्हिंगला लागू होतोच असं नाही. काही पॉलिसींमध्ये ते सरळ वगळलेलं असतं, काहींमध्ये खोलीची मर्यादा घातलेली असते. डीकम्प्रेशन सिकनेसवर दाबकक्षात, म्हणजे हवेचा दाब वाढवलेल्या बंद खोलीत, करायचे उपचार महाग असतात. पॉलिसी वाचा, आणि त्यात डायव्हिंग नसेल तर डायव्हर्ससाठीचा वेगळा विमा घ्या.

शेवटचा डायव्ह वर्षभरापूर्वीचा असेल तर प्रशिक्षकाबरोबर उजळणी करून मगच बोटीवर जा. ओपन वॉटर कार्ड, म्हणजे डायव्हिंगचं सुरुवातीचं प्रमाणपत्र, १८ मीटरपर्यंतचं आहे. सोबतचे ३० मीटरला चालले म्हणून त्यांच्यामागे जाऊ नका. आणि कार्डच नसेल तर एका शनिवारात अख्खा कोर्स बसवू नका, त्यातले समुद्रातले चार डायव्हच किमान दोन दिवसांत विभागावे लागतात. अभ्यास आणि तलावातला सराव आधी आपल्या गावी पुरा करून फक्त समुद्रातला भाग दौऱ्यावर करता येतो. त्यासाठी प्रशिक्षकाकडून रेफरल, म्हणजे आधीचा भाग पुरा झाल्याचं पत्र, घेऊन ठेवा.

अंगातल्या तक्रारीला दौऱ्याचा थकवा समजणं

माझ्या मते ही सगळ्यांत घातक चूक आहे. डायव्हनंतर खांदा किंवा कोपर ठणकणं, हाताला मुंग्या येणं, नेहमीपेक्षा वेगळाच थकवा, अंगावर चट्टे, तोल जाणं ही डीकम्प्रेशन सिकनेसची लक्षणं असू शकतात. बहुतेक वेळा ती काही तासांत दिसतात आणि जवळजवळ नेहमी २४ तासांच्या आत. पण दौऱ्यावरच्या माणसाकडे प्रत्येकासाठी सबब तयार असते : बॅग उचलली म्हणून खांदा, लॅपटॉपमुळे मुंग्या, जागरणामुळे थकवा. तो वेदनाशामक गोळी घेऊन झोपतो, सकाळी सादरीकरण करतो आणि संध्याकाळी विमानात बसतो.

असं काही जाणवलं तर डायव्ह सेंटरला लगेच फोन करा, आडवे व्हा, शुद्ध ऑक्सिजन मागा आणि दाबकक्ष असलेल्या रुग्णालयाची चौकशी करा. ऑक्सिजनने बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवणं टळत नाही. पुन्हा पाण्यात उतरून बरं होण्याचा प्रयत्न करू नका. विमानात असताना लक्षणं सुरू झाली तर कर्मचाऱ्यांना लगेच सांगा आणि ऑक्सिजन मागा. डायव्ह झालेल्या दिवशी जिममध्ये घाम गाळू नका आणि अंगही रगडून घेऊ नका. नंतर दुखलं तर ते कशामुळे हे डॉक्टरांनाही ओळखता येत नाही.

बॅगेत सगळं कोंबणं

बैठकीचे कपडे आणि पूर्ण डायव्हिंग गिअर एका बॅगेत मावत नाही. बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट), फिन्स, वेटसूट भाड्याने घ्या. स्वतःचा न्यायचा तो मास्क, डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र) आणि कार्ड. चष्मा असेल तर नंबरचा मास्क करून घ्या. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा, चेक-इन बॅगेत त्या चालत नाहीत. चाकू मात्र चेक-इनमध्येच.

मास्क आणि कॉम्प्युटर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन न्हाणीघरात टांगा. कॉम्प्युटरवर ‘विमान नको’ची खूण असेपर्यंत तो बॅगेत टाकू नका, घड्याळाशेजारी, डोळ्यांसमोर राहू द्या.