कोल्हापुरात कला-संस्कृतीची बातमीदारी करायचीय? मग हे वाचा

पहिलं म्हणजे प्रेसनोटवर बातमी करू नका, जाऊन बसा. दसरा चौकातल्या शाहू स्मारकात चित्रप्रदर्शन असलं की उद्घाटनाला सगळेच जातात, तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी जा, गर्दी नसते, चित्रकार निवांत असतो आणि रंग कुठला, कागद कुठला, किती दिवस लागले सगळं मनापासून सांगतो, बातमी तिथं मिळते.

नाटकाला तासभर आधी पोचा. विंगेत लाईटवाला वायरी जोडत असतो, कुणीतरी मिशी चिकटवत असतं, त्यांच्याशी बोला, त्यांची नावं नीट लिहून घ्या. नाव चुकलं की माणूस लई दुखावतो, माझ्याकडून एकदा तबलजीचं चुकलं होतं, अजून वाईट वाटतं.

इतिहास पाठ पाहिजे. केशवराव भोसले नाट्यगृह आधी पॅलेस थिएटर होतं, राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची, म्हणजे संगीत नाटकातल्या त्या गायक-नटाची, जयंती होती. हे माहीत असल्याशिवाय लोक का रडत होते ते लिहिताच येणार नाही.

आणि देवल क्लबात, म्हणजे इथल्या जुन्या संगीत संस्थेत, मैफल असली की मोबाईल सायलेंट, फोटो पहिल्या रागानंतरच काढा.