स्पाउस व्हिसा रखडलाय? आधी फाइल कुठल्या रांगेत आहे ते बघा

अमेरिकेतल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे कायमचं जायचं, तर एक नाही, एकामागून एक तीन रांगा लागतात: यूएससीआयएस (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं), मग मंजूर केसचे कागद तपासणारं नॅशनल व्हिसा सेंटर (एनव्हीसी), आणि शेवटी मुलाखत घेणारी मुंबईची अमेरिकन वकिलात. प्रत्येक खिडकी वेगळी. फाइल आज जिथे आहे तिथेच विचारायचं. यूएससीआयएसकडे पडून असलेल्या केसबद्दल वकिलातीला दहा ईमेल केले तरी उत्तर एकच येतं: फाइल आमच्याकडे नाही.

पहिली रांग

आय-१३०, म्हणजे अमेरिकेतल्या जोडीदाराने तुमच्यासाठी करायचा अर्ज, भरल्यावर आय-७९७ ही पावती येते. तिच्यावरचा रिसीट नंबर (तीन अक्षरं, दहा आकडे) आणि प्रायॉरिटी डेट (रांगेतली तुमची जागा ठरवणारी तारीख) दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. मग यूएससीआयएसचं ‘केस प्रोसेसिंग टाइम्स’ पान उघडा. तिथे दिसणारे महिने अनेकांना सरासरी वाटतात, पण तसं नाही. ८० टक्के केसेस जेवढ्या काळात निकाली निघतात, तो हा आकडा. म्हणजे पाचातली एक फाइल त्याहून जास्त रेंगाळते, आणि तिच्यात काही खोट असतेच असं नाही. त्याच पानावर पावतीची तारीख टाकली की ‘या दिवसानंतर विचारणा करा’ अशी तारीख मिळते. ती कॅलेंडरमध्ये टाका. त्याआधी विचारलंत तर छापील उत्तर येईल.

ती तारीख उलटली की ऑनलाइन ई-रिक्वेस्ट करा. त्यानेही फाइल हलली नाही, तर अमेरिकेतल्या जोडीदाराने आपल्या भागाच्या काँग्रेस प्रतिनिधीच्या किंवा सिनेटरच्या कार्यालयाला लिहावं. त्यांच्याकडे अशा कामांसाठी वेगळी माणसं असतात. प्रायव्हसी रिलीज फॉर्मवर सही लागते. निकाल त्यांच्या हातात नसतो, पण फाइल कुठे अडली आहे हे बऱ्याचदा कळतं.

एक्सपीडाइट, म्हणजे केस लवकर घेण्याची विनंती, गंभीर आजारपण किंवा मोठं आर्थिक नुकसान अशा कारणांवरच चालते. एकमेकांशिवाय राहवत नाही, हे कितीही खरं असलं तरी एवढ्यावर विनंती मान्य होत नाही. कारण कागदावर दिसलं पाहिजे: डॉक्टरांचं तारीख असलेलं पत्र, निदान, उपचार आणि जोडीदार जवळ असणं का गरजेचं आहे हे सांगणारी दोन वाक्यं. शेवटचा मार्ग फेडरल कोर्टातल्या मँडॅमस दाव्याचा. तो खर्चिक आहे, आणि कोर्ट फार तर ‘निर्णय द्या’ म्हणतं, ‘व्हिसा द्या’ म्हणत नाही.

अमेरिकेतला जोडीदार नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल, तर केस एफ२ए नावाच्या गटात येते. या गटाला वार्षिक मर्यादा असते, त्यामुळे कोणत्या प्रायॉरिटी डेटपर्यंत नंबर आला हे सांगणारं दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन बघावं लागतं. दरम्यान त्याला नागरिकत्व मिळालं, तर केस मर्यादा नसलेल्या गटात जाते. त्यासाठी नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत पाठवून कळवावं लागतं. इथे एक खड्डा आहे. एफ२एमध्ये आईसाठी किंवा वडिलांसाठी केलेल्या त्याच अर्जावर मूलही येऊ शकतं, नव्या गटात नाही. मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो. हे मुलाखतीच्या तोंडावर कळलं तर आई पुढे आणि मूल मागे अशी वेळ येते.

एनव्हीसी: इथला उशीर निम्मा आपल्या हातात

मुंबईच्या केसचा नंबर बीएमबी या अक्षरांनी सुरू होतो. कागद अपलोड केल्यावर एनव्हीसी सध्या कोणत्या तारखेचे कागद तपासतंय, ते त्यांच्या टाइमफ्रेम्स पानावर बघा. वर्षातून एकदा तरी सीईएसी या व्हिसा-अर्जाच्या वेबसाइटवरच्या आपल्या खात्यात लॉगिन करा. वर्षभर काहीच हालचाल नसेल तर केस बंद होऊ शकते.

कागद परत येतात ते बहुधा नावांमुळे. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं. मग जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं आणि विवाह प्रमाणपत्रावर तिसरंच स्पेलिंग. सगळे कागद टेबलावर एका ओळीत मांडून नावं अक्षर न् अक्षर ताडून बघा. आधीची सगळी नावं डीएस-२६० या ऑनलाइन व्हिसा अर्जामध्ये ‘अदर नेम्स’खाली भरा. जन्माची नोंदच नसेल तर महापालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडा. लग्नपत्रिका आणि कार्यालयाची पावती विवाह प्रमाणपत्राच्या जागी चालत नाहीत. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेमार्फत घ्यायचा. तो दोन वर्षांनी जुना धरला जातो, म्हणून पहिल्या रांगेत असतानाच काढून ठेवण्यात अर्थ नाही. वैद्यकीय तपासणीही मुलाखतीची तारीख आल्यावरच करा. ती साधारण सहा महिनेच चालते.

वकिलातीतल्या मुलाखतीनंतर २२१(जी)ची चिठ्ठी मिळाली, तर वेबसाइटवर ‘रिफ्यूज्ड’ दिसतं. तो शब्द वाचून घरात रडारड होते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की एखादा कागद हवाय किंवा तपासणी बाकी आहे. मागितलेला कागद वर्षाच्या आत द्या, नाहीतर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

भेटी

आय-१३० चालू असताना टुरिस्ट व्हिसा मागितला तर नकाराची शक्यता मोठी, कारण कायम राहायचा इरादा आपणच लिहून दिलेला असतो. त्यामुळे बहुधा अमेरिकेतल्यानेच इकडे यायचं. तो ग्रीन कार्डधारक असेल तर सलग सहा महिन्यांच्या आत परतावं, नाहीतर नागरिकत्वासाठी मोजला जाणारा काळ तुटू शकतो. तिकिटं, मुक्कामाच्या पावत्या, तारखेसह फोटो जपून ठेवा. मुलाखतीत लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून तेच पुढे करायचे असतात.

मनाचं काय

दिवसातून वीस वेळा स्टेटस बघणं हा या प्रतीक्षेतला खरा आजार. उपाय साधा आहे, पाळायला मात्र कठीण. आठवड्यातला एक वार ठरवा, त्या दिवशी एकानेच बघायचं आणि दुसऱ्याला एका ओळीत सांगायचं. ईमेलची सूचना चालू करून ठेवा. काही बदललं तर कळेल. दुसऱ्यांच्या तारखांची टिपणं ठेवणाऱ्या ग्रुपवर रात्री जाऊ नका. तिथे लवकर सुटलेलेच जास्त बोलतात.

फोनची वेळ घड्याळात बसवा. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं सरकतात, आणि त्या आठवड्यात ‘तू फोन केला नाहीस’ हे भांडण हमखास होतं. व्हिसाची बोलणी वेगळ्या दिवशी, वेगळ्या फोनवर करा. रोजच्या फोनवर आमटी करपल्याचंही सांगता आलं पाहिजे.

नातेवाइकांच्या ‘अजून नाही आला?’ला एकच उत्तर ठरवा: ‘फाइल एनव्हीसीकडे आहे, तारीख आली की आम्हीच सांगू.’ सासू-सासऱ्यांनाही तेच वाक्य द्या. सून सासरी आणि मुलगा परदेशात, अशा घरात प्रत्येक समारंभात हा प्रश्न सुनेलाच विचारला जातो. तो झेलायचं काम मुलाने फोनवरून अंगावर घ्यावं. आणि निघायची तारीख हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका. रिकामा दिवस फार लांब असतो.

दोन आठवडे झोप किंवा भूक बिघडली, कामात लक्ष लागेना, कशात रस वाटेना, की समुपदेशकाकडे जा. ‘व्हिसाच्या मेडिकलमध्ये अडेल’ या भीतीने अनेकजण जात नाहीत. नैराश्य किंवा चिंतेवर उपचार घेतले म्हणून व्हिसा नाकारला जात नाही. विकारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका आहे का, हे तपासलं जातं. गोळ्या चालू असतील तर लपवू नका, डॉक्टरांचं पत्र सोबत न्या.

अमेरिकेत थेरपिस्टचा परवाना राज्यागणिक असतो. त्यामुळे तिकडच्या थेरपिस्टला पुण्यात बसलेल्या जोडीदाराला सेशनमध्ये घेता येईलच असं नाही, ते आधी विचारा. भारतात टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन (१४४१६) चोवीस तास आणि मोफत आहे, अमेरिकेत ९८८. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच क्षणी फोन करा आणि घरात कुणाला तरी जवळ बसवा. काय बोलायचं सुचत नसेल तर एवढं पुरतं: ‘लग्नाला दोन वर्षं झाली, नवरा अमेरिकेत आहे, व्हिसा अडलाय, महिनाभर नीट झोप नाही.’ पुढचं ते विचारतात.