ग्रुप राइडमध्ये हाताचे इशारे: कसे द्यायचे, किती आधी द्यायचे

इशारा डाव्या हाताने द्यायचा, कारण उजवा हात थ्रॉटल आणि पुढच्या ब्रेकवर असतो. पण डावा हातही रिकामा नसतो, त्याच्याकडे क्लच असतो. म्हणून ब्रेक लावताना, गिअर बदलताना किंवा वळणात गाडी झुकलेली असताना हँडल सोडू नका. इशारा त्याच्या आधीच होऊन गेला पाहिजे. गिअरलेस स्कूटरवर डाव्या लिव्हरला मागचा ब्रेक असतो, तिथे तर आणखी आधी.

निघण्यापूर्वी सगळ्यांना गोल उभे करून प्रत्येक इशारा एकदा करून घ्या. ‘मला येतात’ म्हणणाऱ्यालाही सोडू नका. हेल्मेटवर थाप मारली की एका ग्रुपमध्ये ‘तुझा हाय बीम चालू राहिलाय’ असा अर्थ होतो, दुसऱ्यात ‘पुढे पोलीस आहेत’. काळ्या जॅकेटवर काळे ग्लोव्हज मागून दिसत नाहीत, हेही तेव्हाच लक्षात येते.

मुख्य इशारे असे:

१. थांबा: हात सरळ खाली, तळहात मागच्याकडे.
२. सावकाश: हात बाजूला आडवा, तळहात जमिनीकडे, मग हात खाली दाबत न्या.
३. वेग वाढवा: तळहात आकाशाकडे, हात वर उचला.
४. एकेरी रांग: हात डोक्यावर, एक बोट वर. दोन बोटे म्हणजे पुन्हा दुहेरी रांग, पण शेजारी शेजारी नाही. तिरक्या पुढच्या गाडीपासून एक सेकंद आणि आपल्याच ओळीतल्या पुढच्या गाडीपासून दोन सेकंद अंतर.
५. पेट्रोल: टाकीकडे बोट.
६. इंडिकेटर चालू राहिलाय: मूठ उघड-मीट.

दुसरा आणि तिसरा इशारा हमखास गल्लत करतात. लांबून तळहात दिसत नाही, फक्त हालचाल दिसते. त्यामुळे मनगट हलवून भागत नाही. हात खांद्यापासून हलवा.

खड्डा, खडी किंवा सांडलेले ऑइल डावीकडे असेल तर डाव्या हाताने खाली बोट दाखवा. उजवीकडे असेल तर उजवा पाय बाहेर काढा. उजवा हात उचललात तर थ्रॉटल बंद होतो, गाडी अचानक मंदावते आणि मागचा अंगावर येतो. मात्र उजवा पाय म्हणजे मागचा ब्रेक. दाखवून लगेच परत ठेवा. आणि प्रत्येक खड्याकडे बोट दाखवत बसू नका, नाहीतर खऱ्या खड्ड्याच्या वेळी कोणी बघत नाही.

इशारा मिळाला की प्रत्येकाने तो मागे द्यायचा. बहुतेक राइड इथेच फसतात. सात गाड्या आहेत आणि प्रत्येकाला एक सेकंद लागतो असे धरले, तर शेवटच्यापर्यंत पोहोचायला सहा सेकंद. ताशी ६० किलोमीटर वेगात तेवढ्यात लीडर १०० मीटर पुढे गेलेला असतो. थांबण्याचा इशारा त्याने या हिशोबाने द्यावा.

मागून पुढे हात दिसत नाही. शेवटच्याला थांबायचे असेल तर त्याने हेडलाइट मिचकवावा, आरशात पाहणाऱ्याने तो तसाच पुढे पोहोचवावा. वळताना इंडिकेटर हवाच, हात ही त्याची जोड. अंधार पडल्यावर हात विसरा: ब्रेकचा लिव्हर दोन-तीनदा हलका दाबून मागचा दिवा लुकलुकवा.